निळं, दोन्ही बाटल्यांत

पहाटे सहाला मी बशीतल्या पेशींवर ओरखडा काढते.
पिपेटच्या टोकानं, एकच, सरळ.
पगार मिळतो तो याचा.

एकमेकींना चिकटून झोपलेल्या असतात त्या,
मधोमध वाट पडते,
मग कडेला येऊन थांबतात,
बंद फाटकाच्या दोन्ही बाजूंना
माणसं थांबतात तशा.
अर्ध्या बशांना मी तांबं देते. अर्ध्यांना नुसतं पाणी.
रात्रभर कॅमेरा जागा.

तीन मणी: ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन,
आणि त्यांच्या चिमट्यात धरलेला तांब्याचा एक कण.
विरघळलं की निळं होतं,
समुद्राचं निळं नव्हे, मोरचुदाच्या घराण्यातलं.
विशीतल्या रक्तात हे मणी पुष्कळ, साठीत निम्म्याहून कमी.
जातात कुठे, विचारलं
तर डॉक्टर रेबोयेदो चष्मा पुसायला घेतात.

खिडकीतून आंतोफागास्ताचं बंदर दिसतं.
वाळवंटातून मालगाडी उतरते,
तांब्याचे पत्रे गठ्ठ्यांनी जहाजावर चढतात.
एका पत्र्यात जगातल्या किती टाचा बऱ्या होतील,
मी एकदा हिशेब मांडला होता.
शून्यं इतकी झाली की कॉफी गार झाली.

मी जन्मले वर, खाणीच्या गावात.
तो दवाखाना आता मुरमाखाली आहे,
खिडक्यांसकट, प्रसूतीच्या खाटांसकट.
जखम भरते म्हणतात.
खाण भरत नाही.
दवाखाना मात्र भरला.

मंगळवारी दोन एलेउतेरिओ कोल्के येतो.
एकतीस वर्षं भट्टीवर. साखर. डाव्या टाचेला
नाण्याएवढं उघडं, सात महिने.
मलम लावताना तो मान वाकडी करून रंग बघतो.
"हे खरं निळं आहे ना, पोरी?"
मला माहीत नाही, मी म्हणते,
आणि हे खरंच असतं.
दोन्ही बाटल्या निळ्याच आहेत.
एकीत तांबं आहे. दुसरीत रंग,
मीच कालवलेला, थेंब थेंब मोजून, उजेडाला धरून,
कुणाच्याही डोळ्याला फरक कळू नये म्हणून.
तीन आठवडे लागले ती फसवणूक नीट जमायला.
त्याबद्दल डॉक्टरांनी माझं कौतुक केलं,
केकसुद्धा आणला.

"मी तांब्याला फुफ्फुसं दिली," तो म्हणतो,
"त्यानं टाच तरी परत करावी."
देण्याघेण्याची भाषा त्याला येते,
सतरा वर्षं संघटनेचा खजिनदार होता.

ऑगस्टात कडा आत सरकू लागली.
सप्टेंबरात लसणीच्या पाकळीवर असतं तसं पातळ काही,
गुलाबी, चमकणारं, हात लावायची भीती वाटावी असं.
ऑक्टोबरात तो बूट घालून आला.
बूट नवे, चावत होते, पण काढायला तयार नाही.
"फिटलं," म्हणाला. "हिशेब चुकता."
आणि थांब्यावरच्या सगळ्यांना मोजा काढून दाखवली टाच,
फळवाल्या बाईलाही, जिला घाई होती.

डिसेंबरात लिफाफे उघडले.
तांब्याच्या बाजूला जखमा थोड्या लवकर मिटल्या होत्या,
थोड्याच. नीट सांगायला आणखी माणसं हवीत,
डॉक्टर म्हणाल्या, आणखी पैसे हवेत.
मी यादीत चव्वेचाळीस नंबर शोधला.
त्याच्यापुढे: रंग.

रंग, आणि दर मंगळवारी कुणीतरी धुतलेला पाय.
आणि त्याचं स्वतःचं काही, ज्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

त्याला पत्र गेलंय. नियम आहे तो.
पत्र मी टाईप केलं, सही डॉक्टरांची.
त्यानंतर तो दोनदा भेटला बसथांब्यावर.
पत्राचं काही बोलला नाही.
दुसऱ्यांदा टाच पुढे केली, नुसती,
मी वाकून पाहिली, छान आहे म्हटलं.

आज पुन्हा सहा.
बशी थंड, टोक नवीन.
ओरखडा जरा वाकडा गेला.