झोपमोड

शटर अर्धं खाली आलं होतं
तेव्हा लवू केळूसकर वाकून आत आला.
पावणेदहा. दाभोली नाक्यावर
ऑम्लेटच्या गाडीचा दिवा तेवढा जळत होता.
'गॅस झालो हा,' म्हणाला, आणि तळव्याने छाती चोळली,
होडीची फळी चाचपावी तशी, कुठे गळतेय ते बघत.

मी लिंबाच्या चवीची पुडी दिली. आठ रुपये.
त्याने दहाची नोट दिली, मी वर दोन चॉकलेटं.
कपाळावर घाम होता त्याच्या.
पण वेंगुर्ल्यात ऑगस्टात
कोणाच्या कपाळावर नसतो?

एक शब्द माझ्या जिभेवर होता.
बत्तीस वर्षं औषधं विकतोय,
डाव्या दंडातल्या कळेचा तक्ता माझ्याच भिंतीवर आहे,
कंपनीने दिलेला, कॅलेंडरसकट.
पण लवू हसत होता,
आणि हसत्या माणसाला तो शब्द कसा द्यायचा?
शिवाय मी डॉक्टर नव्हे.
शिवाय घरी बांगड्याचं तिखलं निवत होतं.

पुढचं मला प्रमिलाने सांगितलं, बाराव्यानंतर,
जाळ्यातून एकेक मासा सोडवावा तसं.

आधी ओवा. मग गरम मिठाची पुरचुंडी.
मग तिसऱ्यांवर आळ,
दुपारी जरा जास्तच खाल्ल्या होत्या.
अकराला जबडा दुखू लागला. दाढ, म्हणाला.
साडेअकराला ती म्हणाली, संतानची ओम्नी बोलवूया.
'रातचो कित्याक लोकांका त्रास?
तो आत्ताच निजलो आसतलो.
फाटफटी जावया.'

सकाळी इंजिन बसवायचं होतं, खलाशी येऊन राहिले होते.
आणि अँब्युलन्स वाडीत शिरली
की सगळ्या पडव्यांतले दिवे लागतात,
'कोणाक काय झाला?'
मग तपासून नुसता ढेकर निघाला तर?
रेडीच्या बाहेर उलट्या वाऱ्यात
दोन रात्री काढलेला माणूस,
जन्मभर ऐकत बसेल:
लवू ढेकराक भियालो.

बांबोळी हा शब्द तिने काढलाच नाही.
आमच्याकडे 'बांबोळीला नेलं'
हे आवाज उतरवूनच सांगतात,
जसा काही तो गावच माणूस खातो.
उशिरा नेतात म्हणून मरतात,
मरतात म्हणून न्यायला उशीर.

दोनला तोच म्हणाला, चल.
मग इस्त्रीचा शर्ट शोधला. आधार कार्ड.
फडताळातल्या डब्यातले पैसे मोजले, दोनदा.
देवाकडे दिवा. कुलूप. कुलूप ओढून बघणं.
पत्रादेवीच्या नाक्यावर
संतानने आरशात पाहिलं
आणि गाडीचा वेग कमी केला.

ह्याला तीन वर्षं झाली.

आज एक वीसला मी जागा झालो.
छातीवर बर्फाची लादी,
जेटीवर उतरवतात तसली, भुश्यासकट.
तक्त्यात डावा दंड आहे,
माझा उजवा दुखतोय, म्हणजे ते नव्हे.
सुलभाला उठवलं तर तिचंच प्रेशर वाढेल.
सातला दुकान उघडायचंय, पार्सल सोडवायचंय.
लिंबाच्या चवीची पुडी पेल्यात सोडली
आणि फेस चढताना बघत उभा राहिलो
स्वयंपाकघरात, दिवा न लावता,

मीसुद्धा. सगळं पाठ असून.

पेला तसाच ओट्यावर राहिला.
तीन वर्षं उशाशी असलेली गोळी चावली,
सुलभाला हाक मारली, मोठ्याने, शेजाऱ्यांना जाईल अशी.
अंगात घरातलाच शर्ट, वरचं बटण नसलेला.
संतान समोरच राहतो, बारा पावलं.
त्याचं कुत्रं भुंकलं. एक दिवा लागला. दुसरा.
दार उघडलं, आणि तोंडून
पहिलं निघालं ते हेच:

माफ कर रे, झोपमोड केली.