आमची कोठेही शाखा नाही

यावल नाक्यापासून कोर्टापर्यंत
चोपड्यात चार परमिट रूम,
चारही बोर्ड माझ्या हातचे.
'सातपुड्या'ला लाल, 'गारव्या'ला निळा,
'न्यू तापी'वर दोन चंदेरी मासे,
आणि 'मधुबन'च्या म-वर एक बाई बसवली होती,
ती कन्याशाळेच्या तक्रारीनंतर पुसून
तिथं केळीचा घड काढला.
घडाचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.

चारही नावांखाली एकच ओळ हवी होती:
आमची कोठेही शाखा नाही.
चौथ्यांदा लिहिताना ठ-पाशी ब्रश अडखळला.
कारण बिल मागायला गेलो तर
चारही गल्ल्यांवरून एकाच दिशेला बोट:
हिलालशेठ, डाळमिलच्या वर,
जिना चढून उजवीकडे.

शेठ पंख्याखाली बनियनवर बसलेला.
म्हणाला, "भटू, गिऱ्हाइकले रुसाले जागा पाहिजे.
रुसू दे ना भो.
जाई जाई कथा जाई?"

आणि लोक रुसतात, खरंच रुसतात.
जिनिंगमधून निवृत्त झालेले कचरूनाना
एका लिंबाच्या फोडीवरून 'सातपुड्या'त भांडले,
त्याला आता एकवीस वर्षं झाली.
रोज सांजच्याला मान ताठ ठेवून
केळीच्या ट्रकांमधून वाट काढत
रस्ता ओलांडून 'मधुबन'ला जातात.
तिथली संत्रा चांगली असते म्हणतात.
बाटली थंड केल्याचे दहा रुपये जास्त
चौघांनी एकाच सोमवारी लावले,
तेव्हा नाना म्हणाले, "काय करतीन बिचारे,
त्या सातपुडावाल्यानं सुरू केलं."

लायसन नवीन निघत नाही,
जुनं मरत नाही.
बापाकडून पोराकडे,
विधवेकडून भागीदाराकडे,
भागीदाराकडून,
जिना चढून उजवीकडे.

खुला बाजार पाहायचा तर दाराबाहेर पाहा.
उकडलेल्या अंड्यांच्या पाच गाड्या.
अंड्याला लायसन लागत नाही.
एकानं आठाचं सात केलं,
दुसऱ्यानं कांदा फुकट,
तिसऱ्यानं भरताची वाटी ठेवली,
चौथ्यानं कर्ज काढून एलईडीची माळ.
पाचवा कोण होता आठवत नाही,
दिवाळीनंतर दिसला नाही.

माझ्याही धंद्यात स्पर्धा आली, नाही कसं म्हणू.
बसस्टँडवर फ्लेक्सचं मशीन आलं,
तासाभरात बोर्ड, वर शेठचा फोटो, वर वाघ.
माझे मासे त्याच्याखाली गेले.
सत्तावीस वर्षं गावात मीच पेंटर होतो,
तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं
इतके का घेतो म्हणून.

मतदानाच्या आधी शेठनं बोलावलं.
दोन दिवसांसाठी फ्लेक्स परवडत नाही.
खडूनं चार पाट्या लिहिल्या: आज बंद.
पुढून शटर, मागून दार.
भाव दुप्पट,
चारही ठिकाणी रुपयासुद्धा इकडेतिकडे नाही.

मी पाट्या टांगून सायकल काढली,
नाल्यापलीकडे पावरा वस्तीवर रुमलीबाईकडे.
त्या वर्षी तिची चूल तीनदा फोडली होती.
जीपला तिच्या घरची वाट पाठ,
डाळमिलचा जिना मात्र सापडत नाही.
मागं एकदा मी म्हटलं होतं,
बाई, तुला फुकट बोर्ड करून देतो.
हसली. "पाटी दिसली का जीप दिसते."

स्टीलच्या पेल्यात मोहाची ओतली,
रोजच्याच खुणेपर्यंत.
मी साठ दिले.
तिनं तीस परत केले.
म्हटलं, आज तर भाव दुप्पट आहे गावात.

"मोहाला काय मतदान आहे?"

माझ्या बोटांचा खडू नोटेवर उठला होता.
तिनं तो पदरानं पुसला,
नोट उजेडाला धरून पाहिली,
मग डब्यात ठेवली.