दांडीची चाळिशी

मोरेझमध्ये डोंगर इतके जवळ
की दुपारी तीनलाच दिवा लागतो.
एर्मांस बाई कासवाच्या पाठीची दांडी घासते,
तिच्या पोटात केसाएवढी स्प्रिंग बसवते.
कळ दाबली की दोन काचा
टपकन उघडाव्यात,
झोपेचं सोंग घेतलेल्या माणसासारख्या.

वीस वर्षं हेच काम. आता उजवा डोळा
नाकाकडे ओढ घेतो.
पोरं मागून ओरडतात, "लोर्न्य! लोर्न्य!"
कुणा म्हाताऱ्याकडून उचललेला जुना शब्द: तिरळी.
ती कानाडोळा करते.
तेवढाच एक डोळा सरळ उरलाय तिचा.

हाच शब्द कधीकाळी पॅरिसला गेला.
तिरळं असण्याचं तिरकं बघणं झालं,
तिरक्याचं चोरून,
मग पेटीची पेटुली व्हावी तसा
लाडिक प्रत्यय लागून
झाला लोर्न्येत,
आणि गळ्यातल्या सोन्याच्या साखळीला लोंबू लागला.

ऑपेरात, दुसऱ्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये
मादाम लेओंतीन ती दांडी उचलते.
नायिका मरते आहे. मरू दे.
समोरच्या बॉक्समध्ये कोणाचा हातमोजा
कोणाच्या गुडघ्यावर, ते आधी बघायचंय.
खरं म्हणजे हातातला कार्यक्रमाचा कागदही
तिला वाचता येत नाही.
पण चष्मा नाकावर बसला
की वयही तिथंच ठाण मांडतं.
आमच्या मराठीत तर त्या काचांचं नावच चाळिशी,
शब्दच चुगलखोर.
हातात दांडी असली
की गरज दिसत नाही,
नुसती ऐट दिसते.

मार्चमध्ये स्प्रिंग तुटली.
डबी मोरेझला आली, आत कापूस,
काचेवर पावडरीचा पुसट अंगठा,
आणि व्हायोलेटचा वास,
जो कारखान्यातल्या तेलात दोन दिवस टिकला.

दुरुस्ती झाल्यावर एर्मांसनं
दार लावून घेतलं,
लोर्न्येत डोळ्यांना लावलं.
भिंतीवरचं कॅलेंडर सरळ उभं राहिलं.
संतांची नावं, अमावास्या, सगळं.
अरेच्चा, नंबर एकच की!
म्हणजे तीही त्रेचाळीसची.

हसली नाही. काचा पुसल्या, डबी बांधली.
बिल मात्र लिहिलं
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.