शंभर पॉइंट चार

ओडील गिद्री, वय एकतीस, खोली नंबर नऊ.
सतराव्या आठवड्यातच पाणमोट फुटली,
काल दुपारी, स्वस्त दुकानाच्या रांगेत,
हातात कपड्यांच्या पावडरीचा डबा असताना.
तो डबा अजून तिच्या नवऱ्याच्या मांडीवर आहे.

मूल जगणार नाही. सगळ्यांना माहीत आहे.
पण ठोके चालू आहेत,
आणि लुइझियानात ठोके चालू असेपर्यंत
आम्ही हात मागे बांधून उभे.

डॉक्टर वकिलांना फोन लावतात.
ताप किती?
नव्याण्णव पॉइंट दोन.
मग अजून नाही.
वाईट नाहीत बोलायला. झोपेतून उठलेत,
मागे त्यांचं कुत्रं भुंकतंय.

मी बावीस वर्षं ताप उतरावा म्हणून
माणसांच्या उशाशी बसले.
आज आकड्याकडे बघतेय
गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशी.

माझ्या आईच्या वेळी म्हणे
घटनेच्या ओळींमधून एक हक्क
न्यायमूर्तींनी वाचून काढला होता.
मग दुसरे न्यायमूर्ती आले, चष्मा पुसला,
म्हणाले, इथे तर काही लिहिलेलंच नाही.
आता ओडीलच्या अंगावर काय लिहिलंय
ते मी दर तासाला वाचते.

पहाटे तीनला ती म्हणाली,
सिस्टर, तुम्ही शाळा कधी बुडवलीत?
आणि कॉफी मागितली. चिकोरीची, उकळती.
घोट तोंडात धरून ठेवला तिने,
गिळलाच नाही.
मला कळलं. मी पाठ फिरवली,
पडद्याच्या कड्या मोजल्या. चौदा.
परत मोजल्या.

शंभर पॉइंट सहा.
मी लिहिलं. शाई नेहमीसारखीच उमटली.

वकील म्हणाले, अर्ध्या तासाने पुन्हा बघा,
खात्री करून घेऊ.

अर्ध्या तासाने कॉफी गार झाली होती.
कपावर साय.
ओडीलचे दात वाजत होते,
चादरीला तो वास आला होता
जो कुठल्याच अर्जात लिहायला जागा नसते.
एकशे दोन पॉइंट तीन.

नवऱ्याने विचारलं, म्हणजे आता मिळाली परवानगी?
मी हो म्हटलं,
आणि त्याच्या चेहऱ्यावर, देवा,
आनंद झाला.