इतिवृत्तात न आलेलं

मार्चची सभा झालीच नाही.
नियम असा की निदान सात जण हवेत, आणि घंटा.
घंटा हॉलच्या कपाटात, कपाटाची किल्ली लॉनकडे,
आणि लॉन कीपिंग त्याच्या घरात, आम्ही आपापल्या.
तरी सचिव म्हणून वही उघडून बसले.
तारीख घातली.
उपस्थित : फोनवर, अकरा.

न्यूफाउंडलंडच्या ह्या टोकाला
क्लब म्हणजे मासे खारवायची जुनी शेड,
बाहेरून पिवळा रंग, आत चाळीस खुर्च्या,
उशिरा येणाऱ्यांच्या दंडाची बरणी.
कुणाचं घर जळालं, कुणाची होडी परतली नाही,
की आम्ही सूप करायचो.
एवढंच येतं आम्हाला. सूप, आणि बिंगो.

पत्रक आलं : सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये,
शेजाऱ्यांनी त्यांना मदत करावी.
व्हायोला खजिनदार. तिने तिथल्या तिथे मोजलं.
मदत करणारे अकरा,
त्यांतले नऊ मदत घ्यायच्या वयाचे.
कुणीतरी हसलं, मग सगळेच,
मग बराच वेळ तारेत नुसता वारा.

राहिला डोरमन स्टकलेस आणि त्याचा ट्रक.
वय बावन्न, आमच्यातला पोरगा.
बटाटे, सलगम, रक्तदाबाच्या गोळ्या, यीस्ट,
एकीला लोकरीचा गुंडा, निळा, पण गेल्या वेळचा निळा नको.
पायरीवर ठेवायचं, दोनदा हॉर्न, दहा पावलं मागे.
पडदा हलला की पुढचं घर.
नाही हलला, तर थांबायचं.
एकदा चाळीस मिनिटं थांबला, एप्रिलच्या बर्फात.
म्हातारा आंघोळीला गेला होता.

बाकीच्यांना चार-चार घरं वाटून दिली, फोन करायला.
काय विचारायचं त्याचा कागदही होता :
ताप? खोकला? किराणा?
कागद पहिल्याच दिवशी निकामी झाला.
लोकांना ताप नव्हता. लोकांना सांगायचं होतं
की खाडीतला बर्फ ह्या वर्षी सुटता सुटत नाहीये,
की नवऱ्याचे बूट आज काढले, पॉलिश केले,
परत ठेवले.

बिंगो लॉनचं डोकं.
चर्चचा इवलासा ट्रान्समीटर, रोज रात्री आठ,
बक्षीस हॅम; कार्ड भरलं की हॉलचा फोन वाजवा.
"एकोणसत्तर! म्हणजे आमची सचिव!
सत्तरीला एक कमी, हिला अजून हुंदडायची परवानगी आहे!"
मी स्वयंपाकघरात एकटीच लाजायचे.

लॉन मेच्या सहा तारखेला गेला, शहरातल्या दवाखान्यात.
दफनाला दहाच माणसं चालत होती.
आम्ही रस्त्याकडेला गाड्यांत बसलो,
भर दुपारी दिवे लावून.
घंटा वाजवली नाही. किल्ली त्याच्या कोटात राहिली.

त्या रात्री आठला आकडे मी वाचले.
मला विनोद जमत नाहीत. सत्तावीस म्हणजे सत्तावीस.
फक्त एकोणसत्तर आला
की थोडी थांबायचे,
आणि कागद चाळल्यासारखं करायचे.

जूनमध्ये कार्डं गोळा करत
दीपगृहापलीकडे एफी पार्डीकडे गेले.
तिची तारीखवार, सुतळीने बांधलेली.
घरी येऊन माझ्या वहीशी ताडून पाहिली.
सात रात्री तिचं कार्ड सगळ्यांच्या आधी भरलेलं.
फोन एकदाही नाही.

परत गेले. ती दारात, मी अंगणात,
मधे दहा पावलं आणि समुद्राचा आवाज.
"एफी, अगं, सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस ना!"
ती वाऱ्यावर ओरडली. "न सांगता
आणखी चार-पाच आकडे मिळायचे."

वहीत नियमाप्रमाणे नोंद केली :
हॅम, सात. देणं बाकी.
व्हायोला विचारते आहे,
कुठल्या खात्यातून.