रडतानाचा गळा

आईच्या वहीत मापं आहेत, माणसं नाहीत.
छाती चौतीस. खांदा साडेतेरा. मुंढा पंधरा.
पुढे शेऱ्याच्या रकान्यात तिचं बारीक अक्षर:
‘जिन्यावर उभी राहून रडते, तेव्हाचा गळा.’

कुठल्या सिनेमात, ते लिहिलेलं नाही.
तेव्हा सगळ्या मिरजेला ठाऊक असणार.

बायका पिशवीतून कापड काढायच्या
आणि हातवारे करून सांगायच्या,
मालनताई, तिची गाडी चुकते बघा,
फलाटावर एकटीच ऱ्हाते,
तसली बाही. कोपराच्या वर चुणी.
कुणी हसतानाचा ब्लाउज मागितल्याचं
मला आठवत नाही.

मग आई मंगळवारी, तीनच्या खेळाला,
मला आणि पेन्सिल घेऊन.
तिकिटाच्या पाठीवर अंधारात चित्र काढायची,
पडद्याकडे बघत, हाताकडे न बघता.
मध्यंतरात शेंगदाणे माझे, पुडीचा कागद तिचा.
आजूबाजूला नाकं ओढली जायची, पदर भिजायचे,
आई पुटपुटायची, ‘जोड मागं घेतलाय.’
शेवट काय झाला विचारलं तर म्हणायची,
‘कुणाला ठाऊक. हूक सहा होते.’

त्याच वहीत, दोन बायकांच्या मध्ये
एक तंबोरा आहे.
घेर एक्कावन्न. शेरा नाही.

पलीकडच्या गल्लीत कादरचाचा सतारी करायचे.
त्यांच्या गच्चीवर भोपळे वाळत बसलेले असत,
पेन्शनीतल्या टकल्या मास्तरांसारखे.
गवसण्या आई शिवायची, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर.
टेप फिरवताना तारेला बोट लागायचं
आणि मशीन थांबलेलं असूनही
दुकानात बराच वेळ काहीतरी चालू राहायचं.
‘ढुंगण लई रुंद हाय हिचं,’ आई म्हणायची.
चाचा म्हणायचे, ‘पोटुशी समजून शीव.’

एका मंगळवारी पेन्सिल थांबली.
पडद्यावर विशेष काही नव्हतं.
एक बाई पाठमोरी, खिडकीशी,
आणि कुठूनतरी नुसता तंबोरा.
गाणं अजून सुरू व्हायचं होतं.
मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.
कोरं तिकीट घेऊन आम्ही घरी आलो.
वाटेत तिने मला आवळे घेऊन दिले, न मागता.

पद्मा चौगुलेची बाही तिने अंदाजाने कापली.
पद्मा आरशासमोर वळली, परत वळली,
‘अगदी तश्शीच की हो!’
आणि तिथेच, खडूच्या भुकटीत उभी राहून,
डोळे पुसायला लागली.

अलीकडे तो सिनेमा मी मोबाइलवर शोधून पाहिला.
बाही तशी नाही.
बाहीच नाही, बाईच्या अंगावर शाल आहे.

मग आईने कापली ती कुणाची?
तिच्या ट्रंकेत एक फोटो आहे, लग्नाआधीचा.
तिच्या दंडावर कुणाचा तरी हात.
हाताच्या मागचा माणूस नागमोडी कात्रीने काढून टाकलेला.
मैत्रीण असेल. बहीणही असेल.
त्या हातामुळे बाही दिसत नाही, एवढंच.

परवा सांगलीत, विश्रामबागच्या एका मोठ्या दुकानात,
ट्रायल रूममध्ये हात वर करून कुर्त्यात अडकले होते,
तर छतातून काहीतरी वाजायला लागलं.
जुनं नव्हतं. ओळखीचंही नव्हतं.
फक्त सगळ्या धडधडीच्या खाली, अगदी तळाला,
कुणीतरी तंबोरा ठेवून दिला होता.
कापड डोक्यावर तसंच राहिलं.
गवसणीच्या आत
मी किती वेळ उभी होते, माहीत नाही.

बाहेरून मुलीने दार वाजवलं.
‘मॅडम, बसत नाहीये का?’

नाक ओढलं, हात खाली घेतले.
‘बसतोय गं,’ म्हटलं,
‘मुंढ्यात धरतोय जरा.’