फळ्यावरची वाट

टाट्रातल्या या निवाऱ्यात
माझा दिवस खडूच्या भुकटीने सुरू होतो.
पाचला, उजाडून गेलेलं असतं तेव्हा,
कालची वाट पुसून टाकते
आणि आजची लिहिते:

घळीत अजून बर्फ आहे. पाय टाकण्याआधी कान द्या,
खालून पाणी बोलत असेल तर कडेने जा.
साखळीची तिसरी कडी सैल.
दोनच्या आत खिंड उतरा,
नंतर आभाळाचा भरवसा नाही.
आणि सगळ्यात खाली: लसणाचं सूप, साडेचार युरो.

लोक खालची ओळ आधी वाचतात.
काही जण तेवढीच.

जुलैत इथे ऊन मी म्हणतं,
पण कपारीत हात घातला तर आत अजून मार्च असतो.
दहापर्यंत ग्रॅनाइट तापतो,
बुटांचे तळवे त्याला घट्ट धरतात,
माणसाला वाटतं, आपल्याला चालता येतं.
मग एक सर येते, पाच मिनिटांची,
दगडफूल पाणी पिऊन फुगतं
आणि तोच दगड ओळख दाखवत नाही.

ल्युबोर फळा वाचत नाही.
एकतीस उन्हाळे तो खालून सामान आणतोय,
पाठीवर लाकडी चौकट, डोक्याच्या वर दोन हात:
गॅसचं सिलिंडर, पिठाची पोती, बटाटे,
एकदा शिवणयंत्र, माझंच.
गेल्या गुरुवारी अडुसष्ट किलो.
चढताना तो वर बघत नाही, बोलत नाही.
समोरच्याने बाजूला व्हायचं असतं.
पोरं होत नाहीत, मोबाइल पुढे धरतात.

त्या गुरुवारी त्याने ओझं उतरवलं,
चहाला हात लावला नाही.
"नवव्या वळणावरचा सपाट दगड," म्हणाला,
"हलला."
"पडलास?"
"नाही. हलला."
जसं कुणी सांगावं,
भाऊ घरात होता, पण दाराशी आला नाही.

मी खडू घेतला:
नवव्या वळणावरचा सपाट दगड हलतो.
दुपारपर्यंत तीनशे माणसं गेली.
कोशित्सेच्या एका बाईने विचारलं,
नववं, पण कुठून मोजायचं?
मला सांगता येईना.
एका पोराने ओळीखाली हसरा चेहरा काढला.

तीनला गडगडलं. मग गारा.
शिट्ट्या घालणारे मार्मोट एकदम गप्प.
खिंडीकडून सतरा जण धावत आले,
भिजलेले, उगाच हसणारे.
मागे कुणी राहिलंय का, मी विचारलं.
ते एकमेकांकडे बघत राहिले.
एकत्र निघालेले नव्हतेच ते,
गारांनी त्यांना एका दारात लोटलं होतं.

सूप वाढताना लक्षात आलं,
भिंतीला टेकलेली चौकट आहे,
खुंटीवरचा हातोडा नाही.

ल्युबोर सहाला आला. बोटं सोललेली,
बाहीतून पाणी गळतंय.
"तीन पाचरी मारल्या."
"मग बसला?"
"बसला. पण वेगळा बसला.
आता नव्याने ओळख करून घ्यावी लागेल."
एवढं बोलून त्याने दोन वाट्या सूप प्यायलं
आणि बाकावरच झोपला.

सकाळी तो रिकामी चौकट घेऊन उतरला.
मी त्याच्या मागून गेले, वळणं मोजत,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
माझ्या मोजणीत तो अकराव्यावर निघाला.
पुन्हा वर गेले, पुन्हा मोजलं, अकराच.
त्याची दोन वळणं कुठे गेली?
की इतक्या खेपांत त्याने ती
पायांनीच सरळ करून टाकली?

फळ्यावर काय लिहायचं ते ठरेना.
त्या दगडावर दोन्ही पाय ठेवून
मी उभी राहिले जरा वेळ.
खाली घळीत बर्फाआड पाणी बोलत होतं,
आणि वर लसूण सोलायचा राहिला होता.